स्टेशनाहून आणलेली वेळ

आमच्या घरात पाणी विहिरीवरून यायचं, भाजी मंगळवारच्या बाजारातून आणि वेळ स्टेशनावरून. दर सोमवारी सकाळी लिंगपूजा उरकली की अप्पा, म्हणजे माझे वडील, कोटाच्या आतल्या खिशात चांदीचं घड्याळ ठेवून निघत. स्टेशनमास्तरांच्या खोलीतल्या घड्याळाशी ते मिळवून घेत आणि परत भवानी पेठेत येईपर्यंत वाटेत कुणाशी एक शब्द बोलत नसत. बोलल्यानं घड्याळ मागं पडतं असं थोडंच आहे! पण अज्जांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, घालून दिलेली रीत होती आणि अज्जांच्या रीतीपुढे आमच्याकडे कुणाचं काही चालायचं नाही. दुकानात शिरले की अप्पा भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची काच उघडायचे, काटे लावायचे आणि आत अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, ओरडून सांगायचे, "आणली!" पाण्याला निघालेल्या बायकासुद्धा दारातून विचारत, "आणली का हो वेळ?" अप्पा घागरीकडे बघून हसायचे. ते हसलेले मला तेवढेच आठवतात.

अज्जा अक्कलकोटाकडून सोलापुरात आले ते एका गोऱ्या साहेबाकडे नोकर म्हणून. साहेबाचं टेबलावरचं घड्याळ बंद पडलं, अज्जांनी ते चोरून उघडलं, साहेबानं पकडलं आणि घड्याळ चालू झालेलं बघून बक्षीस दिलं. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की दर वेळी साहेबाला आणखी थोडा राग यायचा आणि बक्षीसही वाढत जायचं. खरं काय झालं देव जाणे. पण दुकान निघालं ते निघालं, आणि पुढं एका गिरणीनं विलायतेहून मनोऱ्यासाठी घड्याळ मागवलं तेव्हा ते बसवायला आलेला गोरा फिटर इथल्या उन्हानं आजारी पडून परत गेला. मग खोक्यांतलं ते अजस्र यंत्र अज्जांनी बैलांकडून दोर ओढवून वर चढवलं.

त्या यंत्राच्या लोखंडी चौकटीवर ओतीव अक्षरांत ते करणाऱ्या घराण्याचं नाव होतं, गाव होतं आणि 'आणि मुलगे' असं लिहिलेलं होतं. अज्जांनी कुणाकडून तरी ते वाचून घेतलं होतं. विलायतेत कुठल्याशा लहान गावात आपल्यासारखंच एक घर आहे, तिथंही बाप डोळ्याला भिंग लावून बसतो आणि पोरं शेजारी बसून शिकतात, याचा त्यांना फार आनंद झाला. ते त्या घराबद्दल सोयऱ्यांसारखं बोलायचे. "तिकडं थंडी फार, तेल गोठत असेल त्यांचं," असं म्हणायचे. चौकटीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यांनी टोकदार सळईनं आपली खूण कोरली, एक छोटा त्रिशूळ. त्यांच्यामागं अप्पांनी त्याच्याखाली आपली खूण कोरली. आठवड्यातून एकदा किल्ली द्यायला वर जात तेव्हा ते आधी त्या खुणांना हात लावून नमस्कार करत. मी एकदा त्यांच्याबरोबर चढून गेले होते, म्हणून मला ठाऊक.

त्या घड्याळावर गिरणीचा भोंगा वाजे आणि भोंग्यावर निम्मं गाव उठे. आमच्या शेजारी तेलुगू विणकरांचं घर होतं. तिथली सून गिरणीत सुताची रिळं भरायला जाई. तिला सगळी पेठ अक्का म्हणायची. माझ्या लहानपणी अव्वा आजारी पडली की माझी वेणी अक्का घालायची आणि इतकी घट्ट घालायची की डोळे वर ओढले जायचे. आम्ही घरात कानडी बोलायचो, अक्का तिच्या घरात तेलुगू बोलायची आणि ओट्यावर सगळ्यांची सोलापुरी मराठी चालायची.

मंदीची वर्षं आली तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. एके दिवशी गिरणीच्या साहेबानं अप्पांना बोलावून घेतलं. अप्पा परत आले ते जेवलेच नाहीत. अव्वानं खोदून खोदून विचारल्यावर भिंतीकडं तोंड करून त्यांनी सांगितलं. साहेबाला घड्याळ सकाळी थोडं पुढं आणि संध्याकाळी थोडं मागं हवं होतं. म्हणजे सकाळी फाटक लवकर बंद व्हावं, उशिरा येणाऱ्यांचा खाडा पडावा, आणि संध्याकाळी माणसं जरा जास्त राबावीत.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणालो. तर म्हणाला, मुंबईच्या कंपनीला देतो घड्याळ, ते करतील."

"देऊ दे की! सुटलो म्हणायचं."

अप्पा भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाचा हात लागणार त्याला? अज्जांच्या घड्याळाला? वाट्टेल तसं पिळतील, चाकांचे दात झिजवतील. त्यापेक्षा मीच करीन. मी केलं तर यंत्राला इजा तरी होणार नाही."

हे वाक्य मी आयुष्यभर चघळलं आहे. माणसांचा खाडा पडेल तो पडेल, यंत्राला इजा होऊ नये! माझे अप्पा दुष्ट नव्हते. मुंगीला चुकवून पाय टाकणारा माणूस होता तो. पण घड्याळजीच्या घरात जन्मलेल्या माणसालाच असला विचार सुचू शकतो आणि त्यालाच तो चांगुलपणाचा वाटू शकतो.

त्यांनी केलंही इतकं सफाईनं की काय सांगावं. काट्यांना हातसुद्धा लावला नाही. लंबकाचा गोळा एकदाच जरा खाली उतरवून घड्याळ मुळात सुस्त करून ठेवलं. लंबकाच्या दांड्याला मधोमध शिशाचा एक तुकडा अडकवला की घड्याळ जलद चालतं आणि काढला की सुस्तावतं. संध्याकाळचा भोंगा झाला की अप्पा वर जाऊन शिसं अडकवायचे. सकाळचा भोंगा झाला की काढून ठेवायचे. रात्रभर घड्याळ हळूहळू पुढं सरकायचं आणि दिवसभर हळूहळू मागं यायचं. दुपारच्या सुट्टीच्या सुमाराला ते अगदी बरोबर असायचं. अप्पा घराबाहेर पडून मनोऱ्याकडं बघायचे ते तेवढ्याच वेळेला. सकाळ-संध्याकाळ खाली मान घालून चालायचे.

इथवर कदाचित खपून गेलं असतं. पेठेत घड्याळं होती कुणाकडं? पण गिरणीच्या वाटेवर, रस्त्याकडं तोंड करून, आमच्या दुकानातलं मोठं घड्याळ टांगलेलं होतं आणि ते दर सोमवारी स्टेशनाशी मिळवलेलं असायचं. सकाळी कामाला जाणारा माणूस आमच्या घड्याळात बघायचा, त्याला वाटायचं अजून अवकाश आहे, आणि फाटकाशी पोचेपर्यंत भोंगा होऊन गेलेला असायचा.

अव्वाला हे माझ्या आधी कळलं. ती म्हणाली, "एक तर ते शिसं फेकून द्या, नाही तर आपलंही घड्याळ गिरणीसारखं ठेवा. नाही तर हे तरी रस्त्यावरून काढून आत ठेवा. दोन्ही दाखवू नका लोकांना."

अप्पा चिडले. "दुकानात खोटी वेळ लावू? अज्जांच्या भिंतीवर?"

"आणि तिकडं लावता ती?"

"ती साहेबाची. ही माझी."

अव्वानं पदर तोंडाला लावला आणि चुलीपुढं जाऊन बसली. अप्पांनी आपल्यापुरता प्रामाणिकपणा असा एका भिंतीपुरता राखून ठेवला होता, आणि त्याच भिंतीनं त्यांचा घात केला. मला त्यांची दया येते आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटतं. इतकी वर्षं झाली तरी दोन्ही जात नाही.

एका संध्याकाळी भोंगा झाल्यावर सातआठ माणसं दुकानापुढं येऊन उभी राहिली. कुणाच्या हातात काठी नव्हती, धोंडा नव्हता. केसांत सुताचा भुगा तसाच होता. त्यांतला एक पिकल्या मिशांचा विणकर पायरी चढून पुढं आला.

"अप्पा, तुमचं घड्याळ खरं का गिरणीचं?"

अप्पांना वेळेबद्दल खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "हे खरं."

"मग ते?"

"यंत्र जुनं झालंय."

"जुनं झालंय, व्हय. मग सकाळी म्होरं आन सांच्याला मागं, असं बिघडतंय व्हय घड्याळ? बिघडलं तर एका अंगानं बिघडंल की. आन तुमी पूर्वी आठवड्याला जात हुता वर. आता रोज दोन डाव जाताय." त्यानं मनोऱ्याकडं बोट केलं. "दुसऱ्या कुणाच्या हातातलं असतं, तर आमी म्हनलो असतो बिघडलंय. तुमच्या हातातलं घड्याळ असं बिघडत न्हाय, अप्पा."

अप्पांनी भिंग डोळ्याला लावलं आणि समोर उघडून ठेवलेल्या एका घड्याळावर मान घातली. माणसं थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. मी आतल्या दारात होते. अप्पांच्या हातातला चिमटा नुसता हवेत होता, त्यात काही धरलेलं नव्हतं.

तोवर अक्काचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिचं मूल अंगावर पिणारं. ती आमच्या घड्याळात बघून, पोराला आणखी दोन घोट पाजून निघायची. फाटक बंद व्हायचं. असे खाडे पडत गेले आणि मुकादमानं तिचं नाव काढून टाकलं. ती घरी विड्या वळायला बसली. भांडायला ती आमच्याकडं कधी आली नाही. फक्त माझी वेणी घालणं तिनं सोडलं, आणि ओट्यावर मी गेले की सूप उचलून आत जायला लागली. एकदा मी धीर करून म्हटलं, "अक्का, रागावलीस?" तर म्हणाली, "तुज्यावर कशाला रागावू, पोरी? तू काय केलंयस?" आणि आत गेली.

दुकानात घड्याळं यायची थांबली. एकदम नाही, हळूहळू. दुरुस्त झालेली न्यायला माणसं यायची, नेताना अप्पांच्या तोंडाकडं बघायची नाहीत. एका व्यापाऱ्यानं घड्याळ घेतलं आणि आमच्यासमोरच नोकराला सांगितलं, "जरा स्टेशनवर जाऊन मिळवून आण रे." अप्पांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून ते अंगानं उतरत गेले.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते तरी राहावं? तेही राहिलं नाही. एक-दोन वर्षांतच गिरणीत विजेचं घड्याळ आलं, त्याला किल्ली लागत नव्हती आणि घड्याळजीही लागत नव्हता. ते विलायती यंत्र खाली उतरवून गोदामात टाकलं. अप्पा बघायला गेले तर पहारेकऱ्यानं त्यांना आत सोडलं नाही. घरी येऊन म्हणाले, "तिकडच्या त्या घराला कुणी कळवलं पाहिजे." कुणाला कळवणार आणि काय कळवणार? पण त्यांना खरोखर वाटत होतं की त्या लांबच्या गावातल्या बापाला आणि मुलांना आपण तोंड दाखवू नये असं काही झालंय.

तरी सोमवार त्यांनी सोडला नाही. चांदीचं घड्याळ घेऊन जायचे, वाटेत न बोलता यायचे. तसंही आता त्यांच्याशी बोलायला कुणी थांबत नव्हतं. काटे लावायचे आणि आत ओरडून सांगायचे, "आणली." अव्वा चुलीतलं लाकूड पुढं सारायची. बायका घागरी घेऊन सरळ पुढं निघून जायच्या.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी ते दुकानात बसल्या बसल्या कलंडले. आत आणून निजवलं, पाणी पाजलं, ते ओठांवरून खाली गेलं. घोरल्यासारखा आवाज थोडा वेळ येत राहिला आणि मग थांबला. अव्वा खाली वाकली. तिनं त्यांचे डोळे मिटले आणि हात तसाच ठेवून बसली. पेठेतली चार माणसं जमली, कितीही झालं तरी मयताला येतात. आमचे गुरू जंगमस्वामी आले. गळ्यातलं लिंग बघितलं, विभूती मागितली आणि विचारलं, "प्राण कधी गेला? आता किती वाजलेत, म्हणजे मागं मोजू."

मधलं दार उघडंच होतं. दारातून दुकानातलं मोठं घड्याळ सरळ दिसत होतं. कालच सोमवार होता. अप्पांनी ते लावून चोवीस तास जेमतेम झाले असतील. मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं.

अव्वा खाली मान घालूनच म्हणाली, "शेजारी जाऊन विचारून ये."

माणसांच्या लाजेनं म्हणाली की आमच्या घड्याळावर तिचाही विश्वास उरला नव्हता, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती मरेपर्यंत विचारलं नाही. मी उठले आणि अक्काच्या घरी गेले. फाटक चुकायला लागल्यावर अक्कानं बाजारातून एक पत्र्याचं गजराचं घड्याळ आणलं होतं, ते भिंतीतल्या देवळीत ठेवलेलं होतं. मी वेळ विचारली तेव्हा ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. मग तिनं घड्याळ उचलून माझ्यापुढं धरलं.

"मागं पडतंय गं हे लई," ती म्हणाली. "तुज्या अप्पाला दाखवायचं म्हनत हुते. न्हायच दाखवलं." आणि तिला रडू फुटलं.

मी त्या घड्याळातली वेळ बघून परत आले. आमच्या दुकानावरून आले तेव्हा मोठं घड्याळ आपलं नेहमीसारखं चालत होतं आणि त्यात निराळी वेळ होती, खरी. मी आत जाऊन जंगमस्वामींना अक्काकडची वेळ सांगितली. अव्वानं मान हलवली, बाकीच्यांनीही मान हलवली, आणि त्यावरून मागं मोजून अप्पा कधी गेले ते ठरलं.