सांबार दुसरीकडून घ्या

गयाबाई गेल्याचं मला बाजारातच कळलं. शिरपूरच्या आठवडी बाजारात कडुनिंबाखाली तिची भाजीची जागा ठरलेली. त्या दिवशी तिथं नुसतं पोतं अंथरलेलं होतं, वर काहीच नाही. शेजारची मिरचीवाली म्हणाली, "तुमाले कोनी सांगतलं नाही काय बाई? गयाबाई गेली ना... मळ्यात वांगे तोडून राह्यली होती, जरा टेकली अन् उठलीच नाही. सहा दिवस झाले." ते सहा दिवस मी पुण्यात होते, मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी काढलेली खोली पाहत. निवृत्तीनंतर शिरपूर सोडून तिकडं जायचं ठरलं होतं, आणि तीन बाजार झाले तरी गयाबाईला ते सांगायची हिंमत होत नव्हती. आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते. पिशवी रिकामीच घेऊन घरी आले.

मी साताऱ्याकडची. नवरा अकाली गेला, शाळेत नोकरी लागली, म्हणून पाच वर्षांचं पोर घेऊन इथं आले. गाव मला अजिबात आवडलं नव्हतं. ऊन, धूळ, मालेगावच्या एसटीची वाट पाहणं... जैन मंदिराला कुठून कुठून यात्रेकरू येतात, पण मला त्याचंही कौतुक नव्हतं. दरवर्षी बदलीचा अर्ज करायचा, आणि तोवर खोली ते शाळा, शाळा ते खोली, एवढंच माझं गाव. गयाबाईशी पहिली भेट म्हणजे भांडणच. गावाबाहेर त्यांचा मळा, भाजी सगळी घरची. मी वांगी घेतली आणि कोथिंबीर मागितली. समोर हिरव्यागार जुड्या रचलेल्या, आणि बाई म्हणते, "सांबार दुसरीकडून घ्या." कोथिंबिरीला इकडं सांबार म्हणतात, एवढं मला माहीत होतं. मी म्हटलं, "मग हा काय आहे?" "हा तुमच्यासाठी नाही. मंदिरामागच्या गल्लीत चंद्रभागा बसते, तिच्यापासून घ्या." परगावची म्हणून ही मला टोलवते, असंच मला वाटलं. पण तिच्यासारखी वांगी अख्ख्या बाजारात नव्हती, त्यामुळे राग गिळून पुन्हा तिच्याकडेच जावं लागायचं.

आणि दर बाजाराला नवं काहीतरी. आलं-लसूण बारवेपलीकडच्या रहीमचाचांकडून. लिंबं एका घरातून, तीही अंगणातल्या झाडाची, स्वतः तोडून घ्यायची. त्या घरच्या काकू चहा घेतल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. मी कुरकुरत जायची. पण जाता जाता गाव दिसू लागलं. मंदिरामागची ती गल्ली भर उन्हातही गार असते. बारवेच्या दगडी पायऱ्यांवर दुपारी बाया तूर निवडत बसतात आणि आवाज खालून घुमून वर येतो. एका जुन्या दाराच्या चौकटीवर कोरलेला हत्ती आहे, आणि येणारंजाणारं पोर त्याच्या सोंडेला हात लावतं, म्हणून ती गुळगुळीत झालीय. पुढं पुढं मीही हात लावू लागले. अर्ज करायचं एका वर्षी विसरले, मग विसरलेच.

तिसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला. खोलीत मी आणि पोर, तिसरं कुणी नाही. दोन दिवस शाळेत जाताना दिसले नाही म्हणून आधी चंद्रभागाबाई आल्या, मग लिंबांच्या काकूंची खिचडी आली, आणि रहीमचाचा पोराला जेवायला घेऊन गेले. बरी झाल्यावर गयाबाईला विचारलं, "खरं सांग, मला गावभर काहून फिरवलंस?" वांगी तोलता तोलताच ती म्हणाली, "सारं माह्यापासूनच घेतलं असतं, तं मी येकटीनं वळखलं असतं तुले. माहा मळा गावाबाहेर. रातीबेराती आजारी पडली असती, तं पानी कोन देल्लं असतं?" एवढं बोलून तिनं पुढच्या गिऱ्हाइकाला मेथी दिली. 'तुम्ही'वरून 'तू'वर ती कधी आली, तेही तेव्हाच लक्षात आलं.

आता गुडघे बोलतात. गयाबाई गेल्यापासून कशाचाच उत्साह राहिलेला नाही. खोकी बांधायलाही मन लागत नव्हतं, तरी बांधली. सामान न्यायला शनिवारी टेम्पो यायचा होता. त्याआधीच्या बाजाराला सगळ्यांचा निरोप घेऊन येऊ म्हणून निघाले. कडुनिंबाखाली आता गयाबाईची सून बसते. तिनं वांगी दिली आणि वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. मी ती काढून परत दिली. इकडच्या बायांसारखंच म्हटलं, "सांबार दुसरीकडून घेतो." ती डोळे पुसत हसली. "बुढीनं बिघडवून ठेवलं तुमाले."

मग मंदिरामागं गेले. चंद्रभागाबाईंची लेक आता तिथं बसते. तिला सांगणार, तोवर तिनं जुडी पिशवीत टाकलीही. बारवेपाशी दम लागला, पायरीवर बसले. रहीमचाचा खूप थकलेत, त्यांनी आलं देऊन विचारलं, "पोरगा बरा आहे?" मी म्हटलं, "बरा आहे." बस्, एवढंच. काकूंच्या अंगणात लिंबं तोडली, चहा प्यायले... निरोपाचं कुठंच तोंडातून निघालं नाही.

घरी आले. भांडी खोक्यांत, गॅस बंद केलेला, आणि ओट्यावर अख्ख्या आठवड्याची भाजी. मग एक खोकं फोडून विळी काढली, मुलाला फोन लावला आणि म्हटलं, "टेम्पोवाल्याला नको म्हणून सांग."

"मग कधी, आई?"

"बघू. कोथिंबीर निवडायची आहे," म्हटलं आणि फोन ठेवला.