ताईचा नवा पत्ता

ताईने पळून जाऊन लग्न केलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "दिसली तर तंगडं तोडीन." नंतर आमच्या नौपाड्याच्या घरात तिचा विषय निघाला नाही.

पुढे मला ठाण्याच्या रेशनिंग कचेरीत नोकरी लागली. घर बदललं की माणसं रेशनकार्ड नव्या पत्त्यावर नेण्यासाठी यायची. एका दुपारी रजिस्टरमध्ये ताईच्या नवऱ्याचं नाव दिसलं. खाली तिचं. पत्ता कोलशेतचा.

रविवारी गेले. दाराला कुलूप. शेजारणीला विचारलं. "कोण आलेलं सांगू?" ती म्हणाली. बाबांच्या कानावर जाईल या भीतीने मी नाव न सांगताच वळले.

लवकरच त्यांचं कार्ड डोंबिवलीला गेलं. तिथेही गेले, तिथेही तसंच विचारून परतले. कल्याणच्या कचेरीत माझी मैत्रीण होती. तिने सांगितलं, "अगं, ते परत हलले. ठाकुर्लीला."

आई संध्याकाळी भाजी निवडताना हळूच विचारायची, "आता कुठाय?" मी गावाचं नाव सांगायचे. ती मान हलवायची.

ठाकुर्लीच्या चाळीत दाराला कुलूप नव्हतं. आतून फोडणीचा वास येत होता. मी कडी वाजवली. आतला आवाज थांबला. शेजारची बाई बाहेर आली आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुम्हीच का त्या? जातील तिथं कुणीतरी विचारत येतं म्हणून बिचारी घर बदलत फिरते. पोटुशी आहे हो ती!"

ती माझ्यापासूनच पळत होती.

दाराला तोंड लावून मी म्हणाले, "ताई, मी आहे गं. एकटीच. बाबांना काही माहीत नाही."

आत बांगड्या वाजल्या, अगदी दाराशी. तिचा श्वास ऐकू येत होता. दार उघडलं नाही. फोडणी करपल्याचा वास सुटला, तरी ती हलली नाही. मीही उभी राहिले. शेवटी म्हणाले, "आता नाही येणार. इथेच राहा."

त्यानंतर तो पत्ता बदलला नाही. पुढच्या वर्षी मैत्रिणीचा निरोप आला, कार्डावर एक नाव वाढलंय. मुलीचं.

घरी आल्यावर मी ते आईच्या कानात सांगितलं. बाबा बाहेर रेडिओ ऐकत होते. आईने ते नाव हळू आवाजात दोनतीनदा म्हणून पाहिलं, नुसतं हाक मारल्यासारखं.