दिवा दाखवणारी माणसं

आमच्या घरी पाहुणे आले की चहा होतो, चिवडा होतो आणि मग कोणीतरी म्हणतं, "काका, ते दिव्याचं सांगा ना." बायको लगेच उठून स्वयंपाकघरात जाते. तिला माझे सगळे किस्से पाठ आहेत. मी एक सांगायला बसतो, त्याला धरून दुसरा येतो, दुसऱ्याला धरून तिसरा. असे ते साठतच गेलेत.

स्टेशन मास्तर म्हणून माझी बरीच वर्षं अकोला आणि बडनेऱ्याच्या मधल्या एका लहानशा स्टेशनावर गेली. नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मे लोक घरी भांडायला येतील. तिथे मोठ्या गाड्या थांबत नसत, थांबायचो ते आम्हीच. आणि आमच्यातल्या प्रत्येकाच्या हातात एक वस्तू हमखास असायची, ती म्हणजे हातदिवा. एक बटण दाबलं की लाल, दुसरं दाबलं की हिरवा, तिसऱ्यानं पांढरा. लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे जा, पांढरा म्हणजे आपल्या पायाखालचं बघ. झालं सगळं शिक्षण. पण तेवढ्यावर माणसं काय काय करून जातात!

*

स्टेशनच्या पुढे गावरस्त्याचं फाटक होतं. तिथे वंदनाताई. बाई असल्या तरी कागदावर त्यांचं पद गेटमनच. माहेर अकोटचं, आवाज असा की फाटकावरून बोलल्या तरी स्टेशनात ऐकू यावं.

फाटक पडलं की मोटारसायकलवाली पोरं खालून वाकून निघायची. वंदनाताई लाल दिवा धरून उभ्या असायच्या, तरी निघायची. एका संध्याकाळी गावातलाच एक तरणा गडी गाडी आडवी करून खालून घुसवू लागला. ताईंनी दिवा त्याच्या तोंडासमोर धरला. तो म्हणाला की हा दिवा रेल्वेचा आहे, तो गाडीला दाखवायचा, आम्हाला नाही.

वंदनाताई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बापू, तिले थांबाले किलोमीटर लागते. तुले एक पाय टेकवा लागते."

गड्यानं पाय टेकवला. एक्स्प्रेस धडधडत गेली, धूळ बसली. तरी तो तसाच उभा. शेवटी म्हणाला, "काकू, आता उचलू का?"

*

नामदेवराव आमचे कीमन. रोज रुळावरून पायी चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की हातोड्यानं ठोकून बसवायच्या, हे त्यांचं काम. बोलणं अगदी कमी. मी नोकरीला लागलो तेव्हाचे घासलेटचे दिवे जाऊन एलईडीचे आले, तेव्हा सगळे खूश झाले. काच पुसायची नाही, वात कापायची नाही. नामदेवरावांनी नवा दिवा हातात घेतला, पेटवला, काचेवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मी विचारलं, काय बघता?

म्हणाले, "याले ऊबच नाही, साहेब."

थंडीत चार-पाच मैल एकट्यानं चालणाऱ्या माणसाला दिव्याकडून काय काय हवं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

*

गजानन हा आमचा पॉइंट्समन. रुळांचे सांधे बदलायचे, गाडी जाताना प्लॅटफॉर्मवर उभं राहून दिवा दाखवायचा. कामाला चोख. त्याच्याबद्दल कधी कोणाची तक्रार नाही.

एका सकाळी ड्यूटी सुरू व्हायच्या आधीच तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. तोंड उतरलेलं. म्हणाला, आज मला दिव्यावर लावू नका. मला वाटलं ताप असेल. तो म्हणाला, ताप नाही. आणि मग जे सांगितलं ते असं.

आदल्या दिवशी तो आणि सिंधूताई, म्हणजे त्याची बायको, अमरावतीला गेले होते. भाचीच्या लग्नात नेसायला साडी घ्यायची होती. सिंधूताईंना हिरवी हवी होती. गजाननला एक आवडली, त्यानं ती बाजूला काढायला लावली. सिंधूताई म्हणाल्या, ही निळी आहे. तो म्हणाला, हिरवी आहे. दुकानदार म्हणाला निळी, शेजारची गिऱ्हाईक बाई म्हणाली निळी. गजानन पेटला. साडी घेऊन बाहेर उन्हात गेला आणि रस्त्यावरच्या माणसाला विचारलं. तोही म्हणाला, निळी. मग गजानन परत आत आला. त्यानं तीच साडी बांधून घेतली आणि दोघं एसटीनं परत आले.

मी त्याला धीर द्यायला लागलो. म्हटलं, दुकानात ट्यूबलाइट असतात, रंग फसवतात. आजवर तू एकदाही चुकलेला नाहीस. डॉक्टरकडे सवडीनं जाऊ.

गजानन म्हणाला, "निळं हिरवं दिसलं त्याचं काही नाही, साहेब. चार लोक सांगून राहिले होते, तरी मले खात्री होती. मले त्या खात्रीचा भेव वाटून राहिला."

मी त्याच दिवशी त्याला तपासणीला पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला; त्यानं रंगांवर पिवळी झाक येते, असं डॉक्टर म्हणाले. अमरावतीला ऑपरेशन झालं, नजर चांगली आली, पण तो परत सांध्यावर आला नाही. त्यानं स्वतःच स्टोअरमधलं काम मागून घेतलं. मधल्या काळात सिंधूताई स्टेशनात येऊन मला रागावून गेल्या होत्या. म्हणाल्या, मी त्यांना साडी घ्यायला नेलंच नसतं तर बरं झालं असतं. रागावताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

ती साडी त्या अजून नेसतात. ऑपरेशननंतर गजाननला ती स्वच्छ निळी दिसते. तरी त्यांच्या घरात तिचं नाव "हिरवी"च आहे.

*

आता हा माझा स्वतःचा. निवृत्त होताना दिवा जमा करावा लागतो. मी केला. घरी आल्यावर हात अगदी रिकामा वाटायला लागला, म्हणून अकोल्याच्या बाजारातून तसाच एक विकत आणला आणि गाडीत टाकून ठेवला. बायको म्हणाली, हा कोणाला दाखवणार आहात?

हिवाळ्यात एका संध्याकाळी अकोटहून परत येत होतो. दिवस नुकता मावळलेला. रस्त्याच्या मधोमध कापसानं भरलेली ट्रॉली, चाक निखळून बसलेली. मागे दिवा नाही, काही नाही. मालकानं चार दगड आणि बाभळीची फांदी टाकली होती आणि ट्रॅक्टर घेऊन मेकॅनिक आणायला गेला होता. मी गाडी बाजूला लावली, लाल दिवा काढला आणि ट्रॉलीच्या बराच मागे जाऊन उभा राहिलो.

तर काय झालं, माहीत आहे? पहिला मोटारसायकलवाला लांबूनच थांबला आणि वळून परत पळाला. दुसऱ्यानं थांबून डिकीतलं हेल्मेट काढून घातलं. तिसऱ्या गाडीवर तिघं होते, त्यातला मागचा उतरून चक्क शेतात घुसला. चौथा जवळ येऊन हळूच म्हणाला, "पोलिस नाही ना तुमी?" मी नाही म्हटलं. तो चिडला. "मंग काहून थांबवलं?" मी ट्रॉली दाखवली. तो म्हणाला, असं होय, आणि निघून गेला. मला हसू आवरेना. पुढे मरण उभं आहे म्हटलं तर कोणी वेग कमी करत नाही, दंड उभा आहे म्हटलं की सगळे शिस्तीत!

मग एक स्कूटरवाला आला. चाळिशीचा असेल. त्यानं काहीच विचारलं नाही. ट्रॉली बघितली, माझ्याकडे बघितलं, स्कूटर कडेला लावली आणि ट्रॉलीच्या पलीकडे जाऊन, समोरून येणाऱ्या गाड्यांसाठी मोबाइलचा टॉर्च धरून उभा राहिला. ट्रॉलीचा मालक मेकॅनिकला घेऊन येईपर्यंत आम्ही दोघं असे दोन टोकांना उभे होतो.

निघताना मी त्याचे आभार मानले. म्हटलं, तुम्हाला घरी जायला उशीर झाला.

तो स्कूटरची किक मारता मारता म्हणाला, "माहा भाऊ अशाच उभ्या ट्रॉलीवर आदळून गेला, काका. तवा कोणी उभं नव्हतं."

घरी येईपर्यंत मी गाडी फार सावकाश चालवली. बायकोला सगळं सांगितलं ते दुसऱ्या दिवशी. दिवा कोणाला दाखवणार, हे तिनं परत विचारलं नाही.

*

नामदेवरावांचाच आणखी एक. त्या वर्षी पाऊस परतीच्या वाटेवर असताना असा कोसळला की नाले रस्त्यावर आले. काळ्या मातीचा भराव तीन दिवस पाणी पीत होता. संध्याकाळी नामदेवराव पाहणीला निघाले आणि एका मोरीजवळ, म्हणजे पाणी जायच्या लहान पुलाजवळ पोचले, तर रुळाखालची माती एका बाजूनं वाहून गेलेली. रूळ तसेच, वर लटकलेले. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटावं असे.

आणि समोरून मालगाडी येण्याची वेळ.

नामदेवराव पळत सुटले. वाटेत रुळावर फटाके बांधले, म्हणजे इंजिनाचं चाक वर आलं की फुटतात आणि ड्रायव्हर सावध होतो, ते. आणि लाल दिवा हलवत पुढे पळत राहिले. पाऊस इतका की त्यांना स्वतःलाच दिवा दिसत नव्हता, असं ते नंतर म्हणाले. पण ड्रायव्हरला दिसला. गाडी घसटत घसटत त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर थांबली.

पुढचं ड्रायव्हरनं मला सांगितलं. तो खाली उतरला, नामदेवरावांजवळ गेला, पण हे दिवा हलवतच होते. इंजिन समोर उभं, ड्रायव्हर शेजारी उभा, आणि यांचा हात आपला चालूच. शेवटी त्यानं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाला, "भाऊ, थांबली गाडी. आता ठेवा दिवा." तेव्हा कुठे हात खाली आला.

दुरुस्ती झाली, गाड्या सुरू झाल्या. दोन दिवसांनी नामदेवराव माझ्याकडे चहाला बसले होते. मी जरा भीत भीतच विचारलं, की गाडी थांबलेली तुम्हाला दिसली नव्हती का?

त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "दिसली होती, साहेब. पण मले वाटे, म्या हात थांबवला का ते सुरू होईन."

*

शेवटचा हमीदभाईंचा. शेख हमीद, मूळचे अचलपूरचे. तेही पॉइंट्समन.

न थांबणारी गाडी स्टेशनातून जाते तेव्हा आमचा माणूस हिरवा दिवा धरतो आणि शेवटच्या डब्यातला गार्ड तिकडून हिरवा दाखवतो. तुमचं ठीक, आमचं ठीक. डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ. अंधारात चेहरा दिसत नाही, फक्त दिवा दिसतो. हमीदभाईंची एक सवय होती. गार्डाचा डबा गेला की ते दिवा खाली घेण्याआधी क्षणभर छातीला टेकवायचे, सलाम केल्यासारखा. नियमात नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, समोरून कोणी खैरियत सांगून गेलं तर नुसतंच कसं पाठ फिरवायचं?

बहुतेक गार्डांचं लक्षही नसायचं. पण मालगाडीवरचा एक गार्ड उत्तर द्यायला लागला. आपला दिवा कपाळापर्यंत नेऊन खाली घ्यायचा. आठ-पंधरा दिवसांतून कधीतरी त्याची पाळी या बाजूला यायची. त्या दिवशी हमीदभाई ऑफिसात येऊन सांगायचे, "आज आपले साहेब गेले." असं कित्येक वर्षं चाललं.

मग तो दिवा दिसेनासा झाला. हमीदभाईंनी महिनाभर वाट पाहिली. मग मला म्हणाले, कंट्रोलला फोन करून विचारा ना, कुठे आहेत ते. मी म्हटलं, विचारतो, पण कोणाबद्दल म्हणून विचारू? नाव तर त्यांनाही माहीत नव्हतं. ते बाहेर जाऊन बाकड्यावर बसले.

दोन वर्षांनी अचलपूरला त्यांच्या पुतण्याचं लग्न झालं. मीही गेलो होतो. संध्याकाळी मंडपाबाहेरचे दिवे गेले आणि मैदानात गाड्यांची कोंडी झाली. हमीदभाई शेरवानी घालून, मोबाइलचा टॉर्च घेऊन गाड्या लावून द्यायला लागले. हात तयारच होता. परतवाड्याच्या एका व्यापाऱ्याची गाडी त्यांनी नीट आत घेतली, आणि ती लागल्यावर सवयीनं टॉर्च छातीला टेकवला.

गाडीचं मागचं दार उघडलं. काठी टेकवत एक म्हातारे गृहस्थ उतरले. उजवी बाजू लुळी पडलेली. ते हळूहळू हमीदभाईंसमोर आले, त्यांच्या हाताकडे बघितलं आणि आमच्या स्टेशनचं नाव घेतलं. फक्त नाव.

हमीदभाईंनी 'आपले साहेब' लगेच ओळखले. त्यांनी दोन खुर्च्या आणल्या. पाहुणे आत जात होते, घरचे हाका मारत होते, पण हे दोघं मैदानाच्या कडेला बसून राहिले. मी लांबून बघत होतो. बोलणं फारसं नव्हतंच. ताटं तिथेच मागवली. म्हाताऱ्यांना डाव्या हातानं जमत नव्हतं, तर हमीदभाईंनी पोळीचे तुकडे करून दिले.

त्यांची गाडी गेल्यावर मी हमीदभाईंजवळ गेलो. डोळे लाल झाले होते, पण चेहरा असा, की जणू घरचं लग्न खरं आत्ता लागलंय. मी विचारलं, काय नाव त्यांचं?

हमीदभाई दोन्ही खुर्च्या उचलायला लागले. मग म्हणाले, "इचारलंच नाही, साहेब. नावाचं काम नाही पडलं."