ओविडला आलेला केळ्याचा वास

अर्धा चढ संपला आणि ओविड थिबो वळणावर थांबला. फिओराही थांबली. मृतांच्या रविवारी सगळं गाव चर्चपासून टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत मेणबत्त्या घेऊन चालत जातं. बाकीची मंडळी केव्हाच पुढे गेली होती. खाली ग्रॅनाइट कोरायच्या शेडची लांबलचक छपरं दिसत होती.

"देखावा बघतोयस का?" फिओराने विचारलं.

"माझा बापसुद्धा इथेच थांबून देखावा बघायचा. आम्हाला वाटायचं, केवढा जीव याचा गावावर!" ओविड हसला आणि हसताहसता खोकला.

फिओराने त्याच्या हातातली फुलांची कुंडी आपल्याकडे घेतली. नाताळला ओविड निवृत्त होणार होता. त्याआधी तिला त्याच्याशी एक गोष्ट बोलायची होती. वर पोचेपर्यंत बोलून टाकू, असं ती सकाळपासून स्वतःला बजावत होती.

ओविड कबरीचे दगड कोरायचा. त्याने कोरलेल्या लिलीच्या पाकळीवर माणसं नकळत बोट फिरवत, दंव पडलंय की काय म्हणून. प्रत्येक बाकावर धूळ ओढणारी नळी असे, पण खोल कोरताना ती आड येते म्हणून सगळेच तिला बाजूला सारत. अशा वेळी रबरी मास्क लावायचा. तो मात्र कोटाशेजारी खिळ्याला लटकलेला असायचा. कोणी म्हणे, मास्क लावून गाता येत नाही. कोणी म्हणे, माझ्या बापाने कुठे लावला होता? बापाचं पुढे काय झालं, हे कोणी बोलत नसे. दगडाची पिठी वीस वर्षांनी मारते. चारचौघांचं हसणं मात्र लगेच लागतं.

त्यात हरणाची दाढी. ऑक्टोबर लागला की शेडमधला कोणीही, शिकारीत स्वतःचं हरीण पडेपर्यंत गालाला वस्तरा लावत नसे. आधी दाढी करील त्याचं नशीब तर जाईलच, सोबतच्यांचंही जाईल, अशी समजूत. आणि दाढीवर रबर कधी नीट बसत नाही. फटीतून पिठी बिनबोभाट आत जाते.

फिओरा हत्यारखोली सांभाळायची. मास्कची चाचणीही तिच्याकडेच होती, आणि ती नेमकी ऑक्टोबरात यायची. मास्कला त्या दिवसापुरती वेगळी गाळणी लावायची आणि केळ्यासारख्या वासाच्या औषधात बुडवलेला कापूस तोंडाभोवती फिरवायचा. आत वास आला, तर फट आहे. दाढी करून पुन्हा या. पण इतक्या वर्षांत एकालाही वास आला नव्हता. शेजारणीच्या चुलीवर कांदा पडला तरी ज्यांना कळे, त्यांच्या नाकांना ऑक्टोबरात केळं म्हणून कळत नसे.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा ग्विडो रांगेत उभा राहिला. रबराच्या कडेने दाढी गवतासारखी बाहेर आलेली.

"येतोय वास?"

"छे!"

त्याच्या नाकपुड्या हलल्या, ते तिने पाहिलं. तिचे सासरे याच पिठीने गेले होते. शेवटी शेवटी उशांना टेकून बसल्याबसल्या झोपायचे. पण शेडभर पुरुषांसमोर स्वतःच्या नवऱ्याला खोटं पाडायचं? तिने कापूस खाली घेतला. देवा, तूच काय ते बघ, एवढंच तिच्या मनात आलं.

त्याच्यामागे ओविड होता. तिने कापूस जवळ नेला.

"येतोय," ओविड मोठ्याने म्हणाला. "चांगला अख्खा घड पिकलाय."

शेडमध्ये हशा उसळला.

"ओविड, इतकी वर्षं नाक कुठे गहाण टाकलं होतंस?"

"बायकोकडे. आज सोडवून आणलं."

तो तडक नळाकडे गेला आणि दाढी करायला लागला. ग्विडो ओरडला, "अरे, हरीण मिळायचं नाही तुला!"

"मिळेल की! न्हावी समजून आपणहून मान पुढे करेल."

दुसऱ्या दिवसापासून रोज त्याच्या बाकावर कोणीतरी एक केळं ठेवू लागलं. ओविड ते मुकाट्याने सोलून खायचा. आठवडाभराने त्याने अर्धं मोडून शेजारच्या बाकावर ग्विडोपुढे धरलं. हळूच म्हणाला, "घे. वास तर तुलाही आला होता."

दुसऱ्या दिवशी ग्विडो दाढी करून आला. मग एकेक करत बाकीचे. त्या वर्षी ओविडला हरीण मिळालंच नाही. ग्विडोला मात्र पहिल्याच सकाळी थोरला नर मिळाला. झालं! गुळगुळीत हनुवटीच शुभ असते, हे शेडला तेव्हापासून पहिल्यापासूनच ठाऊक होतं.

"ओविड," फिओरा म्हणाली, "त्या ऑक्टोबरात तू धाडस केलंस, तेव्हापासून रोज माळ जपताना ग्विडोच्या नावामागोमाग तुझं नाव घेते मी. तुला कधी सांगितलं नाही."

ओविडने नकारार्थी मान हलवली. "माझ्यात कसलं आलंय धाडस? तुझा चेहरा बघितला गं त्या दिवशी. बाप खोकायला लागला की आई ताटावरून तशीच बघायची. तिनेही कधी तोंड उघडलं नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"फुप्फुसांवर डाग आहेत. आहेत तेवढ्यावर थांबतील कदाचित. ही तीन वर्षंही वास न येण्याची गंमत केली असती, तर एवढंही ऐकायला मिळालं नसतं. देवाची कृपाच म्हणायची."

दोघं पुन्हा चालू लागली. दफनभूमीचं फाटक दिसायला लागलं, तसा तो परत थांबला.

"पुढच्या ऑक्टोबरात मी रांगेत नसेन. नवे लोक आलेत, त्यांच्या दाढ्या बघितल्यास ना? माझं एक काम कर, फिओरा. त्यांच्यातला जो कोणी पहिल्यांदा 'येतोय' म्हणेल, त्याच्या बाकावर दुसऱ्या दिवशी केळं ठेवायला ग्विडोला सांग. नुसतं ठेवून निघून जायचं नाही म्हणावं. शेजारी बसून अर्धं खायचं. एकट्याने खाताना ते घशाखाली उतरत नाही गं."