वीणा गळ्यात असताना

आमच्या गावच्या सप्त्यात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे असतात. एकाच्या गळ्यातून निघाली की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि सुटलेला माणूस घरी जातो. पुढचा आला नाही तर मागच्यानं उभं राहायचं. हा नियम गावात सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगणारा माणूस मी. मागच्या वर्षी एका नोकरदारानं फोन आला म्हणून मध्येच वीणा दुसऱ्याकडे दिली, तेव्हा मी त्याला भर बैठकीत झापलं होतं, "दोन घंटे उभं राहनं होत नसन तं नाव कायले देता बे?"

त्यामुळे यंदा यादी वाचताना माझ्या नावापुढे नेहमीप्रमाणे दहा ते बारा लिहिलं गेलं, तेव्हा मला नाही म्हणता येईना. आठ महिन्यांपासून मला पाऊण तासाच्या वर लघवी धरवत नव्हती, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

माझं वय सहासष्ट. अमडापूरच्या बाजारात तीस वर्षं कृषी केंद्र चालवलं, आता दुकान मुलगा बघतो. हा त्रास सुरू झाला तेव्हा चिखलीला एकटाच जाऊन दाखवून आलो. तरुण डॉक्टरनं कागदावर चित्र काढून समजावलं. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, उतारवयात पुरुषाच्या हार्मोनमुळे ती वाढत जाते आणि तिच्यामधून जाणारी वाट आवळली जाते. रक्ताच्या तपासणीत भिण्यासारखं काही निघालं नाही. दोन गोळ्या लिहून दिल्या. एक वाट सैल करणारी, थोड्याच दिवसांत गुण देणारी. दुसरी हार्मोनवर काम करणारी, ग्रंथी हळूहळू बारीक करणारी. तिला सहा महिने तरी द्यायचे. "म्हंजे कपाशीची वाढ रोखाले फवारतो तसं," मी म्हणालो. डॉक्टर हसला, म्हणाला, तसंच समजा.

घरी येऊन मी भिंग घेऊन पाकिटातला कागद वाचला. जन्मभर शेतकऱ्यांना लेबल वाचा, लेबल वाचा म्हणून ओरडलेला माणूस मी, वाचल्याशिवाय राहवतं थोडंच. काही जणांत इच्छा कमी होते, काहींची छाती सुजते, असं त्यात होतं. मी दुसरी गोळी घेतलीच नाही. पहिली तेवढी चालू ठेवली. सहासष्टाव्या वर्षी मी नेमकं काय राखून ठेवत होतो ते मलाही सांगता आलं नसतं, पण अंगातलं पुरुषपण कोणी गोळीनं काढून नेतंय या कल्पनेनंच मला घाम फुटला होता. कपाशीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या किती बाटल्या मी विकल्या असतील, तेव्हा कधी असा मागचा-पुढचा विचार केला नव्हता. बायकोला सांगितलं, बीपीची गोळी आहे.

मग मी हळूहळू घरात कोंडला गेलो. बीबी गावाला भाच्याच्या मुलीचं लग्न होतं, गुडघा दुखतो म्हणून टाळलं. बाजाराला जाणं सोडलं. कोणी बोलवायला आलं की आधी मनात अंतर मोजायचो आणि मग तोंडानं काहीतरी कारण सांगायचो. बायको म्हणायची, तुम्ही लई चिडके झाले. झालोच होतो.

पहाऱ्याच्या दिवशी थंडी मरणाची होती. मला सर्दी झालेली, शिंका येत होत्या. वीणा घेऊन शिंकणं बरं दिसत नाही म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून घेतली. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, चहासुद्धा नाही. दहाला पाच कमी असताना जाऊन आलो आणि मारुतीच्या मंदिरात वीणा गळ्यात घातली. समोर पारायणाला बसलेल्या चाळीसेक बाया, बाजूला म्हातारे, मध्ये मी उभा.

पहिला तास निभावला. सव्वाअकराला ओढ सुरू झाली. साडेअकराला पाय एका जागी ठरेनात, तर पुढे बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "पाय कसे रंगले पाहा नामात!" मी पोट आत ओढून घेतलं. धोतर पांढरं होतं. एवढ्या लोकांपुढं, मारुतीसमोर, वीणा गळ्यात असताना जर ओलं झालं तर मला पुन्हा या गावात मान वर करता येणार नाही, हे एकच डोक्यात होतं.

बाराला येणार होता माझा शाळेपासूनचा दोस्त. वांगी-मिरचीवाला, वेळेचा पक्का. बारा वाजले, तो नाही. सव्वाबारा झाले. हाक मारून कोणालाही वीणा देता आली असती. मागे पंगतीचं जेवण रांधणारे चार माळकरी होते. पण दिली असती तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण विचारायचा रिवाज मीच पाडला होता. ओठांवर रामकृष्णहरी आणि मनात दोस्ताच्या नावानं शिव्या, असं ते चाललं होतं. बारा पस्तीसला तो आला, घामाघूम, नजर चुकवत. मी त्याच्या पायाला हात लावला न लावला आणि सुटलो.

घरी पोचलो, दार लावलं, आणि काहीच येईना. इतका वेळ जे बाहेर येईल म्हणून जीव मुठीत धरला होता ते आता सोडायला तयार असूनही सुटत नव्हतं. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पोट दगडासारखं झालं. नळ सोडला, गरम पाणी ओतलं, भिंतीला डोकं टेकून अक्षरशः रडलो. शेवटी मुलानं दार ढकललं आणि मला गाडीत घातलं, बायको शेजारी बसली. चिखलीपर्यंतचा प्रत्येक गतिरोधक माझ्या ओटीपोटातून गेला.

नळी घातली आणि पाच मिनिटांत मी माणसात आलो. डॉक्टरनं पहिलं विचारलं, सर्दीची गोळी घेतली का. त्या गोळीनं लघवी अशी अडते म्हणाला, आणि त्यात एवढा वेळ धरून ठेवली. मग बायकोसमोरच, "ती प्रोस्टेटची दुसरी गोळी चालू आहे ना?"

मी छताकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे. बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "बीपीची म्हून मी आठ महिन्यांपासून भाजीतलं मीठ कमी करून राह्यली. तुमच्याही अन् माह्याही." मग पदरानं डोळे पुसले. "मले काऊन नाही सांगतलं हो?"  

नळी आठ दिवस ठेवायची होती. दुसरी गोळी बायको स्वतः हातावर ठेवू लागली. गावात सगळ्यांना एकच निरोप गेला: काकाच्या पोटात दुखते. सातव्या दिवशी दोस्त पिशवीभर वांगी घेऊन आला. मी पलंगावर, लघवीची पिशवी शालीखाली. त्याला पाहताच माझं डोकं फिरलं.

"बारा म्हंजे बारा! कुठी मेला होता बे तू?"

तो खुर्चीवर बसला. वांग्यांची पिशवी पायाशी ठेवली.

"संडासात होतो," तो म्हणाला. "आंघोळ करून निघालो, अन् लागली. गेलो तं येईचना. सून दार वाजवे, मी म्हनो दाढी करून राह्यलो."



"कधीपासून?"

"दोन वर्सं झाले."

"कोनाले सांगतलं?"

"तुले. आत्ता."

मी शाल बाजूला केली. त्यानं पिशवी पाहिली, नळी पाहिली. "घालतानी दुखते का?"

"दुखते," मी म्हणालो. "पन त्या दिवसाइतकं नाही."

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. मी तिला म्हणालो, "उद्या चिखलीले हाही येते आपल्यासंगं." तिनं विचारलं, "काऊन?"

मी कारण जुळवायला लागलो. डोळे दाखवायचे आहेत म्हणावं की बियाणं आणायचं आहे म्हणावं. माझं अजून ठरत होतं, तोवर त्यानं कप खाली ठेवला आणि तिच्याकडे सरळ बघत म्हणाला, "वहिनी, मले लघवीचा तरास हाय."

 बायको म्हणाली, मग सकाळी आठला तयार राहा. तो हो म्हणाला आणि चहा प्यायला लागला.  माझं दुखणं डॉक्टरनं सांगितलं होतं, मुलानं सांगितलं होतं, नळीनं सांगितलं होतं. त्याचं ते वाक्य मी तिच्याजवळ अजून एकदाही स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं नव्हतं.