जोगळेकरबाईंची भुतं

स्टाफरूममध्ये कुणी नव्या भयपटाचं कौतुक सुरू केलं की जोगळेकरबाई चहाचा कप खाली ठेवून विचारायच्या, "त्यातल्या भुताचं काय राहिलं होतं?" उत्तर ऐकून झालं की म्हणायच्या, "म्हणजे रोमनच. नवा फक्त कॅमेरा."

न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या आमच्या शाळेत त्या प्राचीन ग्रीस आणि रोम शिकवायच्या, मी गणित. दोघी पुण्याच्या, पण त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या आणि शंभर पटींनी ठाम. लांडगा होणारा माणूस, रक्त पिणारी सुंदर बाई, प्रेताला बोलतं करणारी चेटकीण, सगळ्यांचं मूळ गाव त्यांना ठाऊक होतं. "भूत वाईट नसतं गं," त्या सांगायच्या, "अडलेलं असतं."

एकदा मी त्यांच्या वर्गात मागे बसले होते. अथेन्समधल्या एका घराची गोष्ट चालली होती. साखळ्या खळखळवत एक म्हातारा तिथे फिरायचा, म्हणून घर ओस पडलेलं. एका तत्त्ववेत्त्यानं ते मुद्दाम भाड्यानं घेतलं. म्हाताऱ्यानं बोटानं खुणावलं, तर यानं त्याला थांबायला सांगितलं आणि हातातलं लिखाण संपवूनच उठला. म्हातारा अंगणात जिथे दिसेनासा झाला तिथे खणलं, तर साखळ्यांत अडकलेली हाडं. ती रीतसर पुरली. म्हातारा पुन्हा आला नाही.

मी उठून बाहेर गेले. माझे बाबा गेले तेव्हा करोनामुळे देशाच्या सीमा बंद होत्या. त्यांचं सगळं मी फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं आणि दोन वर्षं त्याबद्दल कुणाशी बोलले नव्हते. बाई मागोमाग आल्या. सांत्वन त्यांना जमायचं नाही. काय राहिलंय, एवढंच त्यांनी विचारलं. मला भाऊ नाही, चुलतभावानं उरकलं, असं मी सांगितलं. पिंडाला कावळा शिवला का, तेसुद्धा मी विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी बाई डब्यात भाताचा पिंड घेऊन दारात हजर. पिटोनीच्या किनाऱ्यावर पत्रावळीऐवजी कागदी प्लेट मांडली. इथे कावळे नसतात, असं मी म्हणेपर्यंत एका सीगलनं अर्धा भात पळवलासुद्धा.

"शिवला," बाई म्हणाल्या. "इथला हाच."

मला रडता रडता हसू आलं. बाई हसल्या नाहीत. पायातल्या रबरी जँडल्स काढून त्या दोन पावलं पाण्यात गेल्या, हात जोडले आणि कधीच न भेटलेल्या माझ्या बाबांना म्हणाल्या, "विमानं बंद होती हो. नाहीतर आली असती ती."