रुद्रप्पा मिस्त्रीची दोणी

सिद्धेश्वराच्या पायरीवर डोके टेकतो आणि आजच्या कीर्तनाचा एका सुताराच्या हातांपासून आरंभ करतो.

त्या हातांना बोटे नऊच होती. दहावे, डाव्या हाताची करंगळी, तरुणपणीच करवतीने घेतलेली. तळव्यांत डांबर असे मुरलेले की कितीही घासले तरी ते जात नसे. सकाळी आंघोळ करून रुद्रप्पा गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेऊन बसला, की त्या काळ्या डागांच्या मधोमध महादेव विराजमान होई. असा महादेव मी या डोळ्यांनी पाहिला आहे आणि पाहिल्यावर मला दुसरा आठवलेला नाही.

रुद्रप्पा मूळचा मैंदर्गीचा. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि संतापला की दोन्हींची सरमिसळ. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर त्याने बावीस वर्षे होड्या चालवल्या. मासे धरायच्या होड्या वेगळ्या, याच्या वेगळ्या. याच्या होडीत रविवारी संध्याकाळी माणसे हौसेने बसत. गिरणीतला जॉबर बायकोला घेऊन येई, नवी नवरी पाण्यात हात घालून बांगड्या भिजवी, एखादे म्हातारे नुसतेच डोळे मिटून बसे. सात होड्या होत्या, सातही त्याने स्वतः बांधलेल्या. मग बाहत्तर साली पाऊस फिरकला नाही आणि तलाव आटला. होड्या भेगाळलेल्या चिखलावर पालथ्या पडून राहिल्या. उन्हाने फळ्या आकसल्या, सांधे उघडले, आणि एक एक करून त्या चुलीत गेल्या. कुणाच्या चुलीत, हे रुद्रप्पाने विचारले नाही. त्या वर्षी असले प्रश्न विचारायचे नसत.

तेव्हापासून तो होटगी रस्त्यावरच्या एका आवारात ट्रकच्या बॉड्या बांधू लागला. पुढे तलाव भरला. लोक म्हणाले, "मिस्त्री, चला की परत." तो गेला नाही. पाच वर्षांत त्या वाटेला त्याने पाऊल टाकले नाही. चौकट, फळी, खिळा. चौकट, फळी, खिळा. साठी उलटलेला माणूस संध्याकाळी आवारातल्या बाभळीखाली टेकला की उठायला दोनदा प्रयत्न करावा लागे. काय झाले विचारले तर म्हणे, "काय न्हाय हो महाराज. अंगातलं पाणी आटलंय."

त्या आवारात सत्त्याहत्तरच्या माघात रावजी आपली गाडी घेऊन आला.

रावजी मोहोळकडचा. सोलापुरातल्या एका बेकरीची बंद गाडी त्याने वर्षानुवर्षे चालवली. चारी बाजूंनी पत्रा, खिडकी म्हणून नाही, आत पावाचे ट्रे. बेकरी बंद झाली तेव्हा मालकाने निरोप देताना गाडीची किल्ली त्याच्याच हातात ठेवली. गाडी रिकामी होती, तरी दार उघडले की गरम पावाचा वास येई. रावजीची बायको रंभाबाई. गिरणीत सुताच्या कांड्या भरता भरता तिचा कणा झिजला आणि दीड वर्ष ती अंथरुणाला खिळली होती. उताणी निजे आणि आढ्याची तीच तीन लाकडे बघे. डॉक्टरांनी सांगितले होते, हिसका बसू देऊ नका. दवाखान्यात न्यायला सुरुवातीलाच एकदा टांगा आणला होता. वाटेत ती जी ओरडली, त्या ओरडण्याने रावजी आजारी पडला. तेव्हापासून तिची झोपही गेली. रात्री डोळा लागला की कळ उठे, आणि कळ उठली की उशाशी बसलेला रावजी उठे. दीड वर्ष दोघांना सलग झोप ठाऊक नव्हती.

एवढ्या काळात तिने एकच मागणे मागितले होते. "एकदा मला आभाळाखाली न्या. मग काय व्हायचं ते होऊ द्या."

म्हणून रावजी आला होता. गाडीला खिडक्या पाडायच्या, आत निजायची सोय, स्टोव्ह ठेवायला फळी, पाण्याच्या डब्याला खाच. चालते घर करायचे. न ओरडता तिला घराबाहेर नेता येईल असे घर.

आता शब्दाची लीला ऐका. शेजारी पत्रेवाला बसप्पा हातोड्याने पत्रा ठोकत होता. त्या ठणठणाटात रुद्रप्पाने मापे घेतली. मापे घेता घेता, कोण जाणे का, तो पाच वर्षांनी प्रथमच आपल्या होड्यांविषयी बोलू लागला. पाण्यावर अंग कसे हलके होते, काठ सुटताना तळाशी पाणी कसे चुळुकचुळुक करते. रावजी हूं हूं करत होता. त्याचे सारे ध्यान गाडीकडे.

रुद्रप्पाने विचारले, "मग रावजी, एक बाक करतो लांबीत. बास की?"

"एकावर कसं भागंल मिस्त्री? दोनी पायजे."

"काय पायजे?"

"दोनी, दोनी!" रावजी ओरडला. "पैलं दोनी करा, मग बाकीचं बघू."

"दोणी? ह्या गाडीत?"

"गाडीत न्हाय तर काय माझ्या डोक्यावर?"

"कुणासाठी?"

"रंभासाठी की! ती नीट आडवी झाली म्हंजी मी सुटलो."

रावजीच्या बोलीत दोन्हीला दोनी म्हणतात. रुद्रप्पाच्या कानडीत होडीला दोणी म्हणतात. मधे एका अक्षराचे अंतर आणि बसप्पाचा हातोडा. एकाने दोन बाके सांगितली, दुसऱ्याने होडी ऐकली. कान तर सगळ्यांनाच असतात, सज्जनहो, पण पाच वर्षे कोरड्या पडलेल्या माणसाला पाण्याचाच शब्द ऐकू आला, यात त्याचा काय अपराध?

त्या दिवशी रुद्रप्पा बाभळीखाली टेकला नाही.

तीन आठवडे तो राबला. छिन्नीने पत्रा कापून दोन खिडक्या पाडल्या, काठांना रबर बसवले, एका अंगाला अरुंद बाक केला. दुसऱ्या अंगाचे काम मात्र आवाराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली चालले. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, सपाट तळाची. फळ्यांच्या सांध्यांत त्याने गिरणीतले वाया गेलेले सूत ठासले. ज्या सुताने रंभाबाईचा कणा मोडला तेच सूत, पण हे त्याला ठाऊक नव्हते. वरून डांबर दिले. मग लाकूड फुगावे म्हणून दूरच्या नळावरून बादल्या आणून होडी पाण्याने भरून ठेवली.

बसप्पा म्हणाला, "मिस्त्री, म्हशीला हौद बांधलाय का आंघोळीला?"

"तुझ्या सासऱ्याला बोलवायलोय. विसळून काढतो."

मधे एकदा रावजी घाईघाईने येऊन गेला. रंभाबाईजवळ शेजारीण बसवून आलेला. ताडपत्रीतून डोकावणाऱ्या वाकड्या फासळ्या पाहून म्हणाला, "बाक लई मोठा दिसतोय की."

"हे असंच लागतंय," रुद्रप्पा म्हणाला, आणि दोघेही समाधान पावले.

शेवटी एक अडचण राहिली. रस्त्याने गाडी आदळली की होडीचे सांधे उघडणार. होडीला हिसका बसून चालत नाही. म्हणून रुद्रप्पाने ट्रकच्या जुन्या ट्यूब कापून रुंद पट्टे केले, गाडीच्या फासळ्यांना बांधले आणि त्या पट्ट्यांवर होडी झोळीसारखी टांगली. खाली वीतभर अंतर ठेवले. गाडी हलली तरी होडी नुसती डुलेल, आपटणार नाही. काथ्याची गादी तिच्या पोटात घातली आणि एक वल्हे बाकाखाली सरकवून दिले.

ठरल्या दिवशी सकाळी रावजी गाडी न्यायला आला. दार उघडले आणि तसाच उभा राहिला.

"मिस्त्री, हे काय?"

"दोणी."

"अहो दोनी म्हंजी दोनी! एक हे आन एक ते! बाकं! मी होडी कवा मागितली?"

रुद्रप्पाने होडीच्या काठावर हात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुमी म्हणला की. पैलं दोणी करा म्हणला."

"आरं देवा!" रावजी पायरीवर मटकन बसला. "तिला सांगून आलोय, आज नेतो म्हणून. सकाळधरनं केस विंचरून पडलीया ती. आता काय सांगू? होडीत बस म्हणू?"

बसप्पा हसू लागला आणि रुद्रप्पाचे तोंड बघून थांबला. रुद्रप्पाने कोपऱ्यातली करवत उचलली. "दोन दिवस द्या, मालक. ह्याच फळ्यांचा बाक करतो. माझीच चूक." आणि तो गाडीत चढला. बसप्पाने मला पुढे सांगितले, करवत फळीला लावून तो बराच वेळ तसाच वाकून उभा होता. हात चालत नव्हता.

रावजीने ते पाहिले. तोही शिणलेला माणूस. शिणलेल्याला शिणलेला ओळखतो. "ठेवा ती करवत," तो म्हणाला. "आज तिला न्हेलं न्हाय तर पुन्यांदा म्हणायची न्हाय ती. चला माझ्यासंगं. उचलाया तरी हात द्या."

दोघे रावजीच्या घरी गेले. रंभाबाईला चादरीसकट उचलून गाडीत आणले. तिने मान वळवून पाहिले.

"ह्येच्यात?" ती म्हणाली. "मला जितीच सोडताय व्हय नदीला?"

रावजीने सारा घोळ सांगितला. ऐकता ऐकता तिचे ओठ हलले. मग ती हसली, कळ येईल म्हणून अंग आवरून, गालातल्या गालात. "तीस वरीस झाली, माझं बोलणं बी ह्यास्नी असंच ऐकू येतंय," ती रुद्रप्पाला म्हणाली. "न्हाय मिस्त्री, तुमची चूक न्हाय."

"बर्री अक्का. या ताई," रुद्रप्पा कसाबसा म्हणाला, आणि दोघांनी तिला गादीवर अलगद टेकवले.

रुद्रप्पा तिच्याशेजारच्या बाकावर बसला आणि गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी मोठा खड्डा होता. टांगा तिथेच आदळला होता. रावजीने दात आवळले, चाक खड्ड्यात गेले, गाडी कण्हली. मागून आवाज आला नाही. त्याने भीतभीत हाक मारली, "रंभे?"

"चालू द्या की! कशाला थांबलाय?"

होडी नुसती डुलली होती. लाकडाच्या काळजीने बांधलेले पट्टे बाईच्या कण्याला पुरले होते. नव्या खिडकीतून बाभळी मागे पळत होत्या, आणि ती दीड वर्षाची उपाशी त्यांच्याकडे बघत होती.

"कुटं न्हेऊ?" रावजीने विचारले.

ती रुद्रप्पाला म्हणाली, "होडी केलीसा, आन पाणी न्हाय दावणार?"

रुद्रप्पाने बाकाखालचे वल्हे पायाने चाचपले. मग त्याने रस्ता सांगितला.

हिप्परग्याचा तलाव भरलेला होता. ऊन कोवळे होते. पट्टे सोडून, तिच्यासकट होडी उतरवायला काठावरच्या चार धनगरांनी हात दिला. पाण्याने तळ उचलला त्या क्षणी रुद्रप्पाने डोळे मिटले. सांध्यातून थेंब आला नाही. मागच्या टोकाच्या फळीवर तो बसला आणि वल्हे पाण्यात घातले.

रंभाबाई आभाळाकडे पाहत होती. "लई मोठं हाय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मिस्त्री, दुखंना झालंय." तिच्या आवाजात भीती होती, जणू कुणी ऐकले तर दुखणे परत येईल. मग ती बोललीच नाही. रुद्रप्पाने वाकून पाहिले, तर तिचे तोंड किंचित उघडे पडले होते आणि श्वास संथ चालला होता. ती झोपली होती.

तो काठाकडे वळणार होता. पण वारा तलावाच्या दगडी भिंतीकडे वाहत होता. वल्हे थांबवले तर होडी तिकडे सरकणार, दगडाला लागणार, हिसका बसणार. काठाला न्यावी तर उचलताना ती जागी होणार. म्हणून तो वल्हवत राहिला. मोठा फेरा घेऊन, सावकाश, वल्ह्याचा आवाज होऊ न देता. पाच वर्षांत खांदे विसरले होते. पहिल्या फेऱ्यात ते दुखू लागले, तिसऱ्यात पेटले. नऊ बोटांची पकड सुटू लागली तेव्हा त्याने उपरणे मुठीला गुंडाळले. ओठांत शिव, शिव, आणि प्रत्येक नामाला वल्ह्याचा एक हात. मी हजारदा टाळ वाजवले असतील, सज्जनहो, इतका नेमका ताल माझ्या हातून कधी धरला गेला नाही.

काठावर रावजीने गाडीतल्या स्टोव्हवर चहा केला. दारात येऊन पेला उंच धरून खूण केली. रुद्रप्पाने मान हलवली आणि बोट ओठांवर ठेवले. रावजी पेला धरून तसाच उभा राहिला. मग त्याला समजले. त्याने स्टोव्ह विझवला, चहा फळीवर ठेवला, त्या एकुलत्या बाकावर जरा टेकला, आणि टेकला तो पडलाच.

ऊन डोक्यावर आले. काठावर गाडीत एक, पाण्यावर होडीत एक, दोन्ही निजली होती. त्या साऱ्या पाण्यावर जागा असा एकटा रुद्रप्पा होता, सर्वांत थकलेला. त्याने मूठ बदलली, वारा पाहिला आणि पुढचा फेरा धरला.